एकच डोळा लाल

मधूमामा गेल्याचा फोन अकोल्याहून आला, तेव्हा मी अमरावतीत डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घेत होते. आठवडाभर तापानं आणि सर्दीनं जीव नकोसा केला होता. टॉवेल तसाच फेकला, एसटी गाठली आणि मूर्तिजापूर येईस्तोवर रडत राहिले...

मामा शिंपी. डावा डोळा गेलेला, तरी सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवायचा आणि वर गिऱ्हाइकाला ऐकवायचा, "तुमाले दोन असून जमते का?" त्या डोळ्याची कथाही आमच्याच घराला शोभणारी. आजोळी डोळ्यांचं औषध देव्हाऱ्यात असे. कोणाचे तरी उरलेले थेंब, सगळ्यांना तीर्थासारखे! मामाला ताप-सर्दी झाली, मागोमाग डोळा लाल झाला आणि त्यानं भक्तिभावानं तेच थेंब घातले. लाली गेली, पण बुबुळावर फूल पडलं. डॉक्टर म्हणाले, हा विषाणू नसेत दडून बसतो आणि तापात उठतो. तुमची आई आणि आजी दोघींचेही डोळे असेच बिघडले होते म्हणता, तर त्याच्याशी लढायची ताकद तुमच्या घराण्यातच कमी असावी. त्या स्टेरॉइडच्या थेंबांनी तर त्याला रानच मोकळं करून दिलं. मामानं घरी येऊन जाहीर केलं, "लोकायले बापाकडून वावर भेटते, आपल्याले हे भेटलं!"

तेव्हापासून गळ्यात टेप आणि खिशात बॅटरी. कोणी शिंकलं की मामा हजर. माझ्या लग्नात होमासमोर मला एक शिंक आली, तर या बाप्पानं विधी थांबवून माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली.

"मामा, धूर गेलाय!" मी ओरडले.

"दोनी लाल हायेत ना? मंग काही नाई. धूर अन् रडू दोनी डोयात येते. एकच लाल असंन त पयले डाक्टर!"

एवढं होऊनही त्याच्याच घरी मी काय करणार होते, ते ऐका. तिथं जो तो मला जवळ घेऊन म्हणे, "मामाची लाडकी, रडून रडून डोये पाह्य कसे झाले!" मलाही तेच वाटलं. तिसऱ्या दिवशी उजेड सोसेना. मामीनं देव्हाऱ्यातून बाटली आणली, तिच्याच मोतीबिंदूच्या ऑपरेशनची उरलेली. मामा अशा बाटल्या फेकून फेकून थकला होता.

"घाल वं बाई दोन थेंब, आग थांबंन."

मी मान मागे टाकलीसुद्धा! तेवढ्यात शिलाई मशीनवरची बॅटरी दिसली. मामीचा हात बाजूला करून उठले, आरशासमोर बॅटरी लावली. उजवा लालभडक, डावा साफ. तशीच डॉक्टरकडे गेले. त्यांनी तपासलं, औषध सुरू केलं आणि म्हणाल्या, "ते थेंब घातले असते, तर हा डोळा वाचवणं अवघड होतं." मामीनं ती बाटली मोरीत ओतली आणि मग मशीनवर डोकं टेकून इतकी रडली की बस...

निघताना तिनं बॅटरी माझ्या हातात ठेवली. आता ती आमच्या फ्रिजवर असते आणि लेक शिंकली की आधी बॅटरीकडे बघते, मग माझ्याकडे. परवा डॉक्टरांनी डोळा बरा झाल्याचं सांगितलं. घरी येऊन मी आरशासमोर बॅटरी लावली. दोन्ही डोळे स्वच्छ. म्हटलं, घे मामा, बघ. आणि बघता बघता दोन्ही लाल झाले.