वरून ओतलेलं पाणी

दुपारच्या सुट्टीत मी शाळेत पोचले तेव्हा माझी लेक व्हरांड्याबाहेर, चपलांजवळ उकिडवी बसली होती. दोन्ही हातांत तिचा स्टीलचा पेला. वरच्या वर्गातली एक पोरगी पायरीवर उभी राहून ओगराळ्यानं वरून पाणी ओतत होती. ओगराळं पेल्याला लागू नये म्हणून हात चांगला उंच धरलेला. बाकीची पोरं आत माठाभोवती ढकलाढकली करत होती.

लेकीनं मला पाहिलं आणि हसली.

"पाह्य ना माय. एक थेंब बी सांडू देत नाई मी."

सात वर्षांची पोर. रुमालाखाली डोक्यावर एक केस नाही. गोळ्यांनी तोंड सुजलेलं. आणि तिला कौतुक कशाचं, तर वरून पडणारं पाणी नीट झेलता येतं याचं. माझ्या आईनं लहानपणी असंच पाणी प्यायलं होतं. धम्माची दीक्षा घेतल्यावर तिनं ते सोडलं. माझ्या वाट्याला ते कधी आलं नाही. माझ्या लेकीच्या वाट्याला आलं.

आणि तो पेला मीच नेऊन दिला होता.

नव्वद सालानंतरची गोष्ट आहे. आमचं गाव देवळीपासून बरंच आत. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये मजुरीला, मी दुसऱ्याच्या वावरात तण निंदायला. लेकीला रक्ताचा कॅन्सर निघाला आणि वर्ध्याच्या दवाखान्यात आमचे महिने गेले. पाठीच्या मणक्यात सुई घालायचे तेव्हा ती माझा अंगठा धरायची. शेजारच्या खाटेवरचं एक लेकरू सकाळी होतं, संध्याकाळी नव्हतं. त्या खाटेवर नवी चादर घातली तेव्हा मी लेकीचं तोंड दुसरीकडे वळवलं. तेव्हापासून जी भीती अंगात शिरली ती शिरलीच.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "हिच्यात रोगाशी लढायची ताकद नाही. दुसऱ्याचं काही लागू देऊ नका. पेला-ताट वेगळं, पाणी उकळलेलं. आणि ताप आला तर एक घटका थांबू नका. लेकरू हातचं जातं."

लेकीला शाळेचं वेड. जाऊ द्या, पण जपून, असं त्याच म्हणाल्या. म्हणून मी पेला घेऊन मोठ्या बाईंकडे गेले. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या हेडमास्तरीण. गावातल्या सगळ्यात मोठ्या घरची सून. मी हात जोडून सांगितलं, हिचा पेला वेगळा ठेवा बाई. त्या लगेच म्हणाल्या, "ठेवू की. काळजी करू नको." माझे डोळे भरून आले. विहिरीवर, वावरात, जिथं तिथं मी सांगत सुटले की मोठ्या बाईंसारखं माणूस नाही. लेकीला जपायला पेला वेगळा ठेवला, असं मी धरून चालले. लेकीपासून जपायला ठेवला असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मूर्खच मी!

घरून दिलेली बाटली दुपारपर्यंत संपायची. मग तिला हे माठातलं, न उकळलेलं, वरून ओतलेलं पाणी. त्या दिवशी निंदण लवकर आटपलं म्हणून दुसरी बाटली घेऊन गेले, तर हे दिसलं.

मी मोठ्या बाईंसमोर उभी राहिले. "तिले बाहेर काऊन बसवलं बाई?"

"तूच म्हणाली होतीस ना, पेला वेगळा ठेवा?"

"पेला वेगळा म्हटलं. पोरगी वेगळी नाई म्हटली."

"बाकीच्या लेकरांचा विचार नको करायला? हा रोग कसा लागतो, कोणाला माहीत? शिवाय..."

त्या थांबल्या. त्या 'शिवाय'च्या पुढचं मला सगळं ऐकू आलं.

"रोग लागत नाई हा. डॉक्टरीणबाईनं सांगतलं हाय. अन् तुमच्या पुतण्याले गालफुगी झालती, ते त लागते. तवा त्याचा पेला कोठी होता?"

मी लेकीचा हात धरला. आत नेलं. माठाशेजारी पोरांच्या रांगेत बसवलं आणि बाटलीतलं पाणी दिलं.

नवऱ्याला कळलं तेव्हा तो पांढराफटक पडला. "कायले बोलली तू? उद्या ताप आला त जीप कोणाची हाय?"

गावात जीप एकच. मोठ्या बाईंच्या घरची.

त्याच आठवड्यात ताप आला. शेवटची एसटी नुकतीच गेलेली. लेक चुलीजवळ बसल्या बसल्या कलंडली. अंग निखाऱ्यासारखं, ओठ पांढरे. मी हाक मारली, तिनं डोळे उघडले नाहीत. नवरा जिनिंगवर. मी तिला खांद्यावर टाकलं आणि पळत सुटले. कुठं, ते पायांनाच ठाऊक होतं.

मोठ्या बाई अंगणात शेजारणींसोबत बसल्या होत्या.

"आता कशाला आलीस?"

"जीप पायजे बाई. पोरगी चालली माही."

"त्या दिवशी तर फार तोंड चाललं होतं."

"चुकलं माझं."

"काय? ऐकू नाही आलं."

"चुकलं बाई. माफी करा." मोठ्यानं म्हटलं. शेजारणींनी ऐकलं. लेकीचा श्वास माझ्या मानेला लागत होता, त्याकडेच माझा सगळा जीव. त्यांनी सांगितलं असतं तर मी पायही धरले असते.

जीप निघाली. आम्ही बसायच्या आधी सीटवर पोतं अंथरलं गेलं.

वर्ध्याला सलाइन लागलं, रक्त चढलं. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर काही हातात नव्हतं. मी भिंतीला टेकून खाली बसले. माफी मागितली नसती तर? हा विचार आजही झोपू देत नाही. खोटं कशाला बोलू.

लेक उठली, घरी आली. पुढं कितीतरी सुया बाकी होत्या. ती वाचेल असं तेव्हा कोणी छातीठोक सांगत नव्हतं. तिनं दप्तर मागितलं. मी तिच्यासोबत शाळेत गेले. प्रार्थना संपली होती, सगळी पोरं, गुरुजी उभे होते. मी मोठ्या बाईंसमोर गेले.

"बाई, तुमच्या अंगणात मी माफी मागतली होती. ते मी वापस घ्याले आली."

"म्हणजे?"

"चुकलं नोतं माझं. पोरीच्या जिवासाठी म्हटलं. आजपासून माही पोरगी रांगेत बसन. आपल्या बाटलीतलं पाणी आपल्या हातानं पिईन."

मोठ्या बाईंनी अगदी हळू विचारलं, "आणि परत ताप आला तर?"

येणार होता. पुन्हा ताप येणार होता, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही.

"त पुन्हा तुमच्याच दारात येईन. लेकरू खांद्यावर घेऊन येईन. जीप मागीन. माफी मागणार नाई. अन् नाई म्हणाचं असन, त तिच्या तोंडाकडं पाहून म्हणजा."