पत्रातली शेज लाँग आणि लँकेस्टरचा लिलाव

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. लग्न करून मी एकटाच अमेरिकेत, स्टेट कॉलेज गावी परतलो होतो. सुमन व्हिसा मिळाल्यावर येणार होती. तोवर मी दर पत्रात घर सजवत होतो. लायब्ररीतल्या फ्रेंच फर्निचरच्या पुस्तकातून शब्द उचलायचे आणि द्यायचे ठोकून: आर्मवार, म्हणजे उंच कपाट, बेर्जेर, म्हणजे हातांखालीही गादी असलेली खुर्ची, आणि खास तिच्यासाठी शेज लाँग, पाय पसरून बसायची लांब खुर्ची. घरात प्रत्यक्षात जमिनीवर एक गादी होती.

रविवारी ती येणार, म्हणून शनिवारी पहाटे शेजारचा दिलीप मला गावातल्या देशपांडे काकांकडून मागून आणलेल्या स्टेशन वॅगनमधून लँकेस्टरकडे घेऊन गेला. तिकडे शेतांवर जुन्या सामानाचे लिलाव होतात. ३२२ नंबरचा रस्ता नदीकाठानं जातो, सहाला निघालात तर नऊला पोचाल. तिथे काकवीचा पाय, म्हणजे काकवी भरून भट्टीत भाजलेला गोड पदार्थ, मिळतो, तो सोडू नका.

आणि चक्क शेज लाँग निघाली! तिचे पाय, तिची कापडं, सगळं मी दिलीपला इंग्रजीत, मोठ्यांदा समजावू लागलो.

"गप बस यार, लोक ऐकताहेत."

ऐकत होतेच. पुढच्या आजीबाईंनी माझं ज्ञान ऐकून बोली लावली आणि खुर्ची नेली. माझी अक्कल मलाच महागात पडली. उरली एक विचित्र खुर्ची: बैठक वीतभर उंच, पाठीच्या माथ्यावर आडवी फळी. चार डॉलरला मिळाली. बसलो तर गुडघे हनुवटीला टेकले. घरी पुस्तक उघडलं: प्री-द्यू, म्हणजे गुडघे टेकून प्रार्थना करायची खुर्ची. त्या पानापर्यंत मी वाचलंच नव्हतं.

रविवारी सुमननं खोलीभर पाहिलं. "बाकीचं कुठे आहे?"

"पत्रात," मी म्हणालो. लाजेनं मान वर होईना.

तिनं पर्समधून माहेरची अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण काढले, खुर्चीच्या फळीवर मांडले आणि त्या बुटक्या बैठकीवर पाटावर बसावं तशी मांडी घालून बसली.

"मीपण पत्रात पुरणपोळ्या लिहिल्या होत्या ना," ती म्हणाली. "मला वरणभातसुद्धा येत नाही."

त्या दिवशी दिलीपची खिचडी गादीवर बसून खाल्ली. इतकं हलकं मला त्या देशात आधी कधी वाटलं नव्हतं.

आता आमच्याकडे खरोखरचं आर्मवार आहे. देव अजून प्री-द्यूवरच असतात. पुरणपोळी मात्र अजून पत्रातच आहे.