वेझरकाठचं टेबल

चैत्रालीला प्रतीकचं गाव कधी आवडलंच नाही. जर्मनीत वेझर नदीच्या वळणावर वसलेलं, तिन्ही बाजूंनी दाट रान आणि मध्ये लाकडी घरांच्या चार गल्ल्या. प्रतीक तिथल्या करवतयंत्रांच्या कारखान्यात इंजिनिअर होता, ती नेदरलँड्समध्ये, युट्रेख्टला सॉफ्टवेअरमध्ये. लग्न ठरल्यातच जमा होतं. दर महिन्याला यायचा तो मात्र प्रतीकच. ती एकदाच गेली होती, तीही कंटाळून परतली.

मार्च २०२०मध्ये ऑफिसं बंद व्हायला लागली, तसा त्याचा फोन आला.

"चैतू, बॅग भर आणि ये. गाड्या अजून चालू आहेत. काम काय, लॅपटॉपवरच करायचंय ना?"

"दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे. त्या जंगलात येऊन मी काय करू? सहा वाजता झोपतं तुझं गाव!"

तो म्हणाला, "बरं. जप स्वतःला."

दोन आठवडे लांबत गेले. एका खोलीत, पलंगावर मांडी घालून तिच्या मीटिंगा चालायच्या. बाहेर पडायचं ते सायकलवरून आल्बर्ट हाइन या किराणा दुकानापर्यंत. प्रतीक नदीकाठी फिरताना व्हिडिओ कॉल करायचा, बदकाची पिल्लं दाखवायचा. ती टाइप करता करता "हं, हं" म्हणायची. हळूहळू कॉल कमी झाले. हिवाळ्यात त्याला कोविड झाला, तेही तिला तो बरा झाल्यावर कळलं.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय? आली असतीस?"

वसंतात त्यानेच शांतपणे सांगितलं, "लग्नाचं राहू दे. आपण इथेच थांबू."

लस घेऊन ऑगस्टमध्ये ती गेली, माफी मागायची असं ठरवून. तो स्टेशनवर आला होता. नोकरी सोडून नाशिकला परत चालला होता. घर जवळजवळ रिकामं झालेलं. नदीकडच्या खिडकीशी तेवढं एक टेबल उरलं होतं.

"तुझ्यासाठी घेतलं होतं, त्या मार्चमध्ये," तो सहज म्हणाला. "आता खालच्या आजींना देतोय. जरा धरतेस?"

तिने एक बाजू धरली. अरुंद जिन्यातून दोघांनी ते जपून खाली नेलं. आजींनी प्रतीकला जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. चैत्रालीला त्यातलं 'हॉलंड' एवढंच कळलं. त्याने नुसती होकारार्थी मान हलवली. आजींनी तिच्याकडे बघितलं आणि तिचा हात थोपटला.

संध्याकाळच्या गाडीने ती परतली. माफी मागायची राहूनच गेली.