शाळेच्या कुंपणावरचा दुधी

आमच्या शाळेत कलाकार येणार, असं जूनमध्ये कळलं. मुंबईच्या एका संस्थेने डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या काही शाळा निवडल्या होत्या. आठवड्यातून एक दिवस कलाकाराने वर्गात यायचं, मुलांना आपली कला शिकवायची आणि वर्गशिक्षिकेने त्याला मदत करायची, असा करार. ही २०१७ची गोष्ट. सायवनच्या शाळेला चित्रं काढणारी बाई मिळाली, धाकट्या डहाणूला एक नाटकवाला. आमची शाळा तलासरी तालुक्यातली, झरीच्याही पुढे एका पाड्यावर. आमच्या वाट्याला तारपा वाजवणारा आला, आणि तोही त्याच पाड्यावरचा.

मी डहाणूत वाढलेली. तारपा मी पाहिला होता तो सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमात, मंडपाच्या मागच्या खुर्चीवरून. वाळलेल्या दुधीला दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचं लांबच लांब तोंड, एवढंच लक्षात होतं. त्यात फुंकतात कसं, श्वास कधी घेतात, तो दुधी भाजीचाच की वेगळा, काही म्हणता काही माहीत नव्हतं. आणि मला नाही ते विचारत बसायची खोड. नवरा म्हणतो, तू शिक्षिका कशी झालीस, तुला तर पोलिसात घेतलं असतं.

पहिल्या दिवशी म्हातारा आला तो हात हलवत. खांद्यावर टॉवेल, कमरेला लंगोटी, वर इस्त्रीचा पांढरा शर्ट. मुलं ओट्यावर रांगेत बसवून ठेवलेली. कोणीतरी ओरडलं, "आजा, तारपा कुठाय?"

"येल," म्हातारा म्हणाला, आणि वर्गात यायचं सोडून कुंपणाकडे गेला. तारेला हात लावून हलवून बघितली. एका खांबाला लाथ मारली. मग हातपंपापर्यंत चालत गेला, दांडा दाबून पाणी येतं का पाहिलं. पूर्ण चक्कर मारून झाल्यावर कनवटीची पुरचुंडी सोडली, त्यातून बिया काढल्या आणि कुंपणाच्या कडेने मातीत खुपसू लागला.

माझं डोकं फिरलं. "बाबा, तास सुरू झालाय."

"चालूच हाय ना, बाय," तो म्हणाला. मुलं केव्हाच ओट्यावरून उठून त्याच्या भोवती उकिडवी बसली होती.

पुढचे सगळे बुधवार असेच. तो यायचा, वेलाकडे बघायचा, मुलांकडून काटक्या रोवून घ्यायचा, सुंभाने वेल बांधून घ्यायचा. वाद्याचं नाव नाही. अगदीच लकडा लावला तर तोंडाने "तारारा तारारा" करून मुलांना एकमेकांच्या कमरेला हात घालायला लावायचा आणि पायांची चाल दाखवायचा. संस्थेच्या ताई मुंबईहून फोन करायच्या, "मॅडम, वाजवतानाचा एखादा व्हिडिओ पाठवा ना." मी वेलाचे फोटो पाठवायची. त्या म्हणायच्या, "छान, पण वाजवतानाचा?"

शेवटी मला राहवेना. पाचवीतल्या त्याच्या चुणचुणीत नातीला बाजूला घेतलं आणि विचारलं, तुझा आजा तारपा का आणत नाही गं? ती म्हणाली, "फुटलाय ना. कवाचा. दुधीला चीर गेली."

"मग नवा करत नाही?"

"वेल लावला की बकरी खाते. आमच्याकडं कुंपण नाय."

अस्सं! तारपा नसलेला तारपेवाला संस्थेने आमच्या गळ्यात बांधला होता, आणि म्हातारा आला होता तो आमच्या कुंपणासाठी. पुढच्या बुधवारी मी त्याला गाठलाच. "काय हो बाबा, तुम्ही शाळेत कुंपणासाठी आलात ना?"

"मंग काय तुझ्यासाठी?" तो म्हणाला आणि दात नसलेलं तोंड उघडून खदखदून हसला. मलाही हसू फुटलं, काय करणार! मग बांधावर बसून त्याने सगळं सांगितलं. भात झोडून झालं की पाड्यावर नाच होतो. तारपा फुटल्यापासून तो बंदच होता. आता तरण्या पोरांनी ठरवलं होतं की उंबरगावहून बॉक्स आणायचे, तेच ते छातीत धडधडणारे स्पीकर. म्हाताऱ्याने पंचांकडून एवढंच कबूल करून घेतलं होतं की भात झोडेपर्यंत तारपा तयार झाला तर नाच तारप्यावर. नाही झाला तर बॉक्स, आणि मग दरवर्षी बॉक्सच. "एकदा बॉक्स आला का मना कोण बोलवतोय," तो म्हणाला. हे सांगताना मात्र तो हसला नाही.

त्या दिवसापासून माझाही जीव वेलात अडकला. सकाळी स्कूटी लावली की आधी कुंपण. ऑगस्टच्या शेवटी पांढरी फुलं आली आणि बोटाएवढे दुधी धरले, तेव्हा मी आनंदाने बोट करून मोजायला गेले. मुलांनी एकच गिल्ला केला. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते कुजतं! दाखवायचंच असेल तर बोट दुमडून दाखवायचं. डहाणूत माझी आत्याही काकडीच्या बाबतीत हेच म्हणायची, ते मला इतक्या वर्षांनी आठवलं. मग आम्ही सगळे दुमडल्या बोटाने दुधी दाखवू लागलो. ती सवय इतकी लागली की फळ्यावरची बेरीजसुद्धा मुलं दुमडल्या बोटाने दाखवत. केंद्रप्रमुख एकदा आले तर त्यांना वाटलं, सगळ्यांची बोटं दुखावली की काय.

दुधी वाढले. म्हाताऱ्याने प्रत्येकाखाली सुंभाची झोळी बांधून घेतली, म्हणजे देठावर भार येणार नाही आणि मान सरळ उतरेल. तो फळावर टिचकी मारायचा आणि मुलांना कान लावायला सांगायचा. मीही लावला. मला आपला भाजीवालीकडच्या दुधीसारखाच आवाज आला, पण मुलं माना डोलावत होती. दोन दुधी चांगले भरले होते. ते वेलावरच सुकायला हवेत, वेल पार मरून वाळला तरी हात लावायचा नाही, असं म्हातारा पुन्हा पुन्हा सांगत होता.

दोन ऑक्टोबरला सगळ्या शाळांची फेरी केंद्रशाळेत होती. मी मुलांना घेऊन सकाळीच गेले. त्याच दिवशी संस्थेच्या ताई मुंबईहून कंपनीतली काही उत्साही मंडळी घेऊन आमच्या शाळेत श्रमदानाला येणार होत्या. हे मला कोणी कळवलं नव्हतं. चावी शेजारच्या घरात असते, ती त्यांनी घेतली.

आम्ही घोषणा देत परत आलो तर शाळा ओळखू येईना. अंगण झाडलेलं, दगडांना चुना लावलेला, आणि कुंपण लख्ख. पानं पिवळी पडू लागलेला वेल त्यांना मेलेला वाटला होता. काटक्या, सुंभ, झोळ्या, सगळं ओढून काढून कोपऱ्यात ढीग केला होता. ढिगावर दुधी पडलेले. टोप्या घातलेली मंडळी घाम पुसत हसत उभी होती, आणि ताई म्हणाल्या, "सरप्राइज!"

मुलं आधी ढिगाकडे धावली. मग पाचवीतली ती मुलगी अशी काही किंचाळली की पाड्यावरून माणसं धावत आली. मी ताईंना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्या बिचाऱ्या वाईट नव्हत्या. काय झालं हे कळल्यावर त्या ढिगाजवळ बसून एकेक दुधी उचलू लागल्या. एक मुलगा रडत रडत म्हणाला की ताईंनी दुधीला सरळ बोट दाखवलं असणार, म्हणूनच झालं.

म्हातारा आला. ढिगाकडे बघत उभा राहिला. ताई हात जोडून म्हणाल्या, "बाबा, आमची चूक झाली. सांगा काय भरून देऊ? जे म्हणाल ते देते."

"दे ना," तो म्हणाला. "पाऊस दे."

ताईंना कळलं नाही. मला कळलं. जूनपासूनचा अख्खा पाऊस त्या वेलात गेला होता, तो आता कोण परत आणणार! तेव्हा मला रडू आवरेना. शिक्षिकेने मुलांसमोर रडू नये वगैरे सगळं ठाऊक असून मी तिथेच ओट्यावर बसून रडले.

त्याने दुधी टॉवेलात बांधून नेले आणि चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवले. बुधवारी आला नाही. पुढच्याही बुधवारी नाही. मुलं रोज खबर आणायची. मोठे दोन्ही कुजले, पाणी सुटलं. इतरही एकेक करून गेले. एकच राहिला, तो सगळ्यांत लहान, सुरकुतलेला, मान वाकडी झालेला. तो मात्र खडखडीत वाळला. कसा वाळला, त्यालाच का धूर मानवला, हे मी म्हाताऱ्याला नंतर कितीदा तरी विचारलं. तो खांदे उडवायचा. त्यालाही माहीत नव्हतं.

त्या एवढ्याशा दुधीला नेहमीच्या नळ्या बसेनात, म्हणून आखूड आणि बारीक घेतल्या. मेणाने सांधे बुजवले. पुढचं ताडपानाचं तोंडही आखूडच झालं. एका बुधवारी तो हे ध्यान घेऊन शाळेत आला, गाल फुगवले आणि फुंकला.

काय सांगू! असा चिरका, चढा, कापरा आवाज निघाला की मीच दचकले. म्हाताऱ्याने तारपा तोंडातून काढून त्याच्याकडे रागाने पाहिलं. "बकरा वरडतोय," तो म्हणाला. पण मुलं कमरेला कमरेला हात घालून उभीसुद्धा राहिली होती. जूनपासून फक्त तोंडाचं "तारारा" ऐकून पाय शिकलेली ती. फुटलेला जुना तारपा त्यातल्या बहुतेकांना आठवतही नव्हता. त्यांच्यासाठी तारपा म्हणजे हा.

भात झोडून झालं. नाचाच्या दिवशी दुपारी मीही पाड्यावर गेले. खळ्याच्या एका अंगाला उंबरगावचा टेम्पो बॉक्स घेऊन उभाच होता, तरण्या पोरांनी सावधगिरी बाळगली होती. म्हाताऱ्याने फुंकायला सुरुवात केली आणि खळ्यावर हशा पिकला. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. एक जण टेम्पोवरून ओरडला, "ह्यो तारपा नाय रे, ह्या बकऱ्याला पाला घाल!" म्हातारा थांबला. त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात आमची शाळा आत घुसली. पाचवीची ती मुलगी पुढे, तिच्या कमरेला दुसरी, तिच्यामागे सगळी शेपूट. "वाजव, आजा!" त्याने पुन्हा फुंकलं. मुलं त्याच्या भोवती फिरू लागली, पाय सगळ्यांचे एकदम पडत होते, चुकत कुणाचाच नव्हता. मोठ्या माणसांना राहवेना. आधी एक आई आली, आपल्या पोरीच्या मागे लागली. मग आणखी. ऊन उतरेपर्यंत नाच चालला. नंतर बॉक्सही वाजले, नाही असं नाही. पण पंचांनी म्हाताऱ्याला पुढच्या वर्षाचं सांगून टाकलं.

संस्थेचं एक वर्ष संपलं, ताई दुसऱ्या तालुक्यात गेल्या. म्हातारा मात्र पुढच्या जूनमध्ये पुन्हा कुंपणापाशी हजर. बी त्याने राखून ठेवलेलं होतं, सगळं एकदम पेरणारा तो नव्हे. त्या वर्षी वेलाला कोणी हात लावला नाही. दुधी भरले, वेलावर वाळले, आणि त्याने मनासारखा तारपा केला. लांब, डौलदार, मेणाने चकचकीत. आवाज भरदार आणि खोल, ओट्याच्या फरशीतून पायाला जाणवेल असा. मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस वर्षभर कशासाठी झुरत होता.

खळ्यावर त्याने तो वाजवला तेव्हा म्हातारीकोतारी डोळे मिटून ऐकत होती. मुलं मात्र उभीच. पाय उचलेना कोणी.

"काय झालं रे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"हा नाय," मुलं म्हणाली. "आपला आण. खरा."

म्हातारा असा खवळला! कान गेले कार्ट्यांचे, शाळेने पोरं बिघडवली, असं मला ऐकवत तो तावातावाने घराकडे निघून गेला. मला वाटलं आता येत नाही. आला. हातात तो वाकड्या मानेचा बकरा. गाल फुगवून त्याने तो चिरका आवाज काढला, आणि मुलांनी आरोळी ठोकून कमरेला हात घातले.

दमला तेव्हा तो माझ्या शेजारी येऊन टेकला. डोळ्यांत पाणी होतं. मी माझ्या खोडीप्रमाणे विचारलंच, "बाबा, वाईट वाटलं?"

"मी मेल्यावर ही पोरां अस्सेच करतील," तो म्हणाला. "बारका दुधी शोधतील, आखूड नळ्या लावतील. चांगला तारपा कुणी करायचा नाय."

"मग?"

त्याने टॉवेलाने तोंड पुसलं.

"मंग काय? करतील ना," तो म्हणाला, आणि पुन्हा वाजवायला उठला.