इंजिनाचं तोंड
पेढ्यांचा बॉक्स उघडला की मला आधी काजळीचा वास येतो. चाकणच्या एका कंपनीत मी ट्रेनी होतो, त्या वर्षीच्या खंडेनवमीची ही गोष्ट. टेस्टिंगला पळवून पळवून काळंकुट्ट झालेलं मोटरसायकलचं इंजिन पाटावर ठेवून आम्ही त्याला झेंडूचा हार घातला होता. पूजेला ऑफिसातून मोठे साहेब आले आणि “याचं तोंड गोड करू” म्हणत त्यांनी पुढच्या भोकात पेढा कोंबला. आमच्या म्हाताऱ्या फिटरमामांना राहवलं नाही. “साहेब, ते तोंड न्हाई. तिथनं जळका धूर भाईर पडतो. लई तापतं ते, म्हनून वारं लागाया म्होरं ठेवत्यात. खायाचं तोंड मागं, कार्ब्युरेटरकडं हाय. वरच्या टाकीतनं पेट्रोल आपसूक उतरतं आन् तिथं गार बी ऱ्हातं.” साहेबांचा चेहरा पडला. ते माझ्याकडे वळले, “तुम्ही इंजिनिअर ना? काय म्हणता?” मला कायम करायचं की नाही, हे पुढच्याच आठवड्यात ठरणार होतं. “मामांचं काहीतरी चुकतंय, साहेब,” मी म्हणालो. सगळे हसले. मामा मान खाली घालून हार नीट करत बसले. साहेबांनी खूश होऊन तोच पेढा बोटानं उकरून काढला आणि प्रसाद म्हणून माझ्या हातावर ठेवला. काळा, तेलकट, दाताखाली करकरणारा तो पेढा मी सगळा खाल्ला, वर बोटंही चाटली. यंदा पूजेला मोठे साहेब म्हणून मलाच बोलावलं होतं. पेढा पुढे आला आणि मला भर पूजेत ओकारी आली.