कालवडीवरचा पाला

निवृत्त होऊन चार महिने झाले तरी टेपमास्तरांच्या खिशातून टेप सुटली नव्हती. वडील शिंपी होते. ते गेल्यावर घरात एक मशीन, एक कात्री आणि ही पिवळी कापडी टेप उरली. मशीन थोरल्या भावाने नेलं, टेप यांनी जंगलखात्यात नेली. एकतीस वर्षं त्यांनी तिने मेलेल्या जनावरांच्या मानेवरची भोकं मोजली. एका दाताच्या भोकापासून दुसऱ्या दाताच्या भोकापर्यंत. साहेब लोक हसायचे, मेलेल्याला सदरा शिवताय का मास्तर, म्हणायचे. नाव त्यावरूनच पडलं.

माणूस तापट. रानात काहीही मेलेलं सापडलं की लोक लांबूनच 'बिबट्या' म्हणून मोकळे होतात, याचा त्यांना जेवढा राग होता तेवढा कशाचाच नव्हता. न बघता बोलणाऱ्याची जीभ आधी मोजली पाहिजे, असं ते म्हणत.

त्या सकाळी हाताखालचा जुना रक्षक घरी आला. चाळिशीचा, दोन मुलींचा बाप, नऊ वर्षं मास्तरांच्या मागे रान तुडवलेला. उभ्यानेच चहा घेत त्याने सांगितलं, की गवळ्याची कालवड ओढ्याच्या वरच्या झाडीत मेलेली सापडलीय. मानेला चार भोकं आहेत, पोट उघडलंय. काल नवे साहेब येऊन गेले, गवळ्याच्या सांगण्यावरून बिबट्या म्हणून लिहून गेले. आज दुपारी पिंजरा येतोय.

मास्तरांनी बशी खाली ठेवली. ओढ्यापलीकडच्या घळीत बिबट्याची मादी व्यालेली होती. दोन पिल्लं, डोळे उघडून आठवडासुद्धा झाला नसेल. मादी पिंजऱ्यात गेली तर पिल्लं घळीत वाळून मरणार, हे दोघांनाही माहीत होतं. तिघांनाही म्हणा, कारण साहेबांच्या फाइलीत घळीचा नकाशा होता.

"मानेचं कातडं सोललं का कुणी?"

रक्षकाने मान हलवली. साहेबांनी कशालाच हात लावू दिला नव्हता. हात लावला म्हणून दोघांना आधीच घरी बसवलंय, असंही तो खालच्या आवाजात म्हणाला.

"मग केलं काय तुम्ही? दर्शन घेतलं?"

मास्तरांनी ओट्यावरून सुरी उचलली. बायको म्हणाली, अहो, ती भाजीची आहे. भाजी आज तोडून घाल, म्हणत ते बाहेर पडलेसुद्धा.

कालवड उजव्या कुशीवर पडली होती. मास्तर आधी तिच्याकडे गेलेच नाहीत. त्यांची पद्धत बाहेरून आत यायची. वीस पावलांवरून गोल फेरी, मग पंधरा, मग दहा. झटापट झालेली जमीन कुठेच नव्हती. जिवाच्या आकांताने पाय झाडणारं जनावर माती उकरतं, झुडपं मोडतं. इथे गवत नुसतं एका बाजूला निजलं होतं, पायवाटेपासून सरळ, पोतं ओढत आणल्यासारखं. मागच्या पायांवरचा पाला बाजूला सारून ते तिथे बसले. खुरांच्या वर केस घासून गेले होते, दोन्ही पायांना, सारख्याच उंचीवर. दोरी.

मग त्यांनी मानेचं कातडं सोललं. जिवंत जनावरात दात घुसला की कातड्याखाली रक्त साकळतं, काळंजांभळं होऊन मांसाला धरून बसतं. मेलेल्यात घुसला की नुसतं भोक पडतं, कापडात पडावं तसं. चारही भोकांखाली मांस फिकट होतं. टेप काढायचीही गरज नव्हती. तरी त्यांनी मोजलं. अंतर कुत्र्याचं होतं.

कालवड गोठ्यात मेली होती. गवळ्याने ती ओढून आणून टाकली होती, कुत्र्यांनी खाल्ली होती. एवढंच. लहान मुलालाही कळावं एवढं सरळ, आणि त्यासाठी लोखंडी पिंजरा निघाला होता.

पिंजऱ्याची गाडी आली तेव्हा मास्तर तिथेच होते, हात कोपरापर्यंत बरबटलेले. साहेब उतरले, मागून गवळीही. मास्तरांनी दोरीचा वळ दाखवला, कातड्याची आतली बाजू दाखवली. गवळी आधी आकाशाकडे बघत राहिला, मग म्हणाला, जमीन कडक आहे, खड्ड्याला दोन माणसं लागतात, कुठून आणू?

"टाकलीस ते टाकलीस. वर त्या मादीच्या नावाने बोंब मारलीस," मास्तर म्हणाले. "घळीत जाऊन तोंड दाखव तिला."

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. त्यांच्या शांतपणाने मास्तर जास्तच पेटले. दोरीचं पटतंय, साहेब म्हणाले, कुत्री आली असतील हेही पटतंय. पण नंतर बिबट्याही आला. मग मोबाइलवरचा कालचा फोटो त्यांनी पुढे धरला. कालवड गळ्यापर्यंत पालापाचोळ्याने झाकलेली. भक्ष्य झाकून ठेवायचं म्हणजे तो परत खायला येणार, हे प्रशिक्षणात शिकवतात.

"की मेल्यावर थंडी वाजली म्हणून हिने स्वतःच पांघरूण ओढलं, मास्तर?"

गाडीवाला हसला. मास्तर झुडपामागे गेले. तिथे चार फांद्या फेकलेल्या होत्या. टोकं कोयत्याने तिरपी छाटलेली. दोन लांब, दोन आखूड. लांब उभ्या घालायच्या, आखूड आडव्या, खाली पाला. म्हणजे कावळे डोळे फोडत नाहीत, भोकं बिघडत नाहीत. ही मांडणी जगात एकाच माणसाने शिकवली होती. शिकवताना त्याने दुसरं वाक्यही सांगितलं होतं, की झाकलंस की लगेच वहीत लिही: पाला मी घातला. रक्षकाने पहिलं केलं होतं. मग साहेबांच्या धाकाने फांद्या काढून फेकल्या, पाला तसाच राहिला, वही कोरी राहिली.

मास्तरांनी वळून पाहिलं. रक्षक स्वतःच्या बुटांकडे बघत होता. नऊ वर्षं शिकवलं आणि हा गाढव अर्धंच शिकला. त्याच्या थोबाडीत द्यावी असं त्यांना मनापासून वाटलं. हातांना रक्त लागलं होतं म्हणूनच ते थांबले असावेत.

ते एका फांदीचं छाटलेलं टोक साहेबांसमोर धरून म्हणाले, "पाला मी घातला."

"तुम्ही? कधी?"

"परवा. सवयीने. लिहून घ्या."

एकतीस वर्षांत न पाहिलेल्या गोष्टीची एक ओळही त्यांनी वहीत लिहिली नव्हती. ती आता गाडीच्या बॉनेटवर, साहेबांच्या पेनने, स्वतःच्या हाताने लिहिली. पेन एवढं दाबलं की कागद फाटला. साहेबांनी दुसरा दिला. त्यावर पुन्हा तेच लिहिलं.

पिंजरा परत गेला. आठवड्याने कार्यालयातून पत्र आलं: माजी कर्मचाऱ्याने पुराव्याशी छेडछाड केल्याने त्याला वनहद्दीत प्रवेश बंद. मास्तरांनी ते भाजीच्या सुरीने उघडलं, वाचलं, आणि बायकोने काय आलंय विचारलं तेव्हा तिच्यावरच ओरडले. तिनेही मग दोन दिवस बोलणं टाकलं.

तिसऱ्या दिवशी रक्षक दारात उभा. काखेत वर्तमानपत्राची पुरचुंडी. ओढ्याच्या अलीकडे सापडलं, काका, म्हणत त्याने ती उंबऱ्यावर सोडली. एक बरगडी, थोडे केस, वाळलेली विष्ठा.

मास्तरांनी बरगडी उचलली, उजेडाला धरली. टोकाला दात लागलेले होते. मग ती दाणकन कागदावर आपटली.

"हाड आणलंस. जागा कुठंय? कुठल्या झाडाखाली, कुठल्या अंगाने पडलेलं, भोवतीचं गवत कसं होतं? नुसतं हाड काय, खाटकाकडेही मिळतं."

रक्षक म्हणाला, चला ना मग, दाखवतो. आणि म्हणता म्हणताच थांबला.

मास्तरांनी पुरचुंडी त्याच्या छातीवर ढकलली.

"जा. होती तशी ठेवून ये. आणि वहीत लिही, की उचलली होती."