तोंड नको, बोट दाखवा

"तोंड नको, बोट दाखवा, भाऊ," असं म्हणत सिस्टर समोरच्याचा हात धरायच्या, उलटासुलटा करून बघायच्या आणि मगच सुई टोचायच्या. वाळूजच्या आमच्या कारखान्यात दरवर्षी कँटीनमध्ये साखर आणि बीपी तपासायचं शिबिर असायचं. तुम्हीही अशी शिबिरं पाहिली असतील. मागं बॅनर, पुढं रांग आणि टेबलावर पाहुण्यांसाठी पेढे. साखर तपासायच्या शिबिरात पेढे! सिस्टर तो डबा पायानं टेबलाखाली सरकवायच्या.

गेल्या वर्षी कुजबुज सुरू झाली, की ज्याची साखर जास्त निघेल त्याचं कंत्राट पुढं वाढणार नाही. मी काही शूर नाही. माझ्या नावानं बोट टोचून घ्यायला शिबिराचं माझं कार्ड मी काटकुळ्या राजूला दिलं आणि माझ्या प्रेस मशीनवर जाऊन उभा राहिलो.

थोड्या वेळानं सिस्टर पेटी घेऊन खात्यात हजर. "राजूचं बोट सकाळीच टोचलंय मी. आता तेच तुमच्या नावानं आलं. मशीन बंद करा अन् तुमचं बोट द्या."

आकडा बघून त्या तडकल्या. "राजूची साखर मोजून तुमचे डोळे वाचणार हायेत का? पाय वाचणार हायेत?"

मी खरं कारण सांगितलं. तेवढ्यात साहेब जास्त साखरवाल्यांची यादी मागायला आले, आणि सगळा राग तिकडं वळला.

"यादी नाय मिळणार. ज्याचं रक्त, त्याच्याच हातात कागद."

"खर्च कंपनी करते, मॅडम."

"माणसं बरी करायला करते का काढायला, ते सांगा आधी."

साहेब यादी न घेताच ऑफिसात परत गेले. सिस्टरनी मला दवाखान्यात धाडलं. गोळ्या सुरू झाल्या. मी हर्सूल तलावाकडं रोज चालायला लागलो.

यंदाच्या शिबिराला सिस्टर नव्हत्या. "त्यांना आता बोलवत नाहीत," नवा माणूस म्हणाला. त्याच्या टॅबमधून आकडे थेट ऑफिसात जात होते. राजू पाच जणांची कार्डं घेऊन पाच वेळा रांगेत आला, तरी त्या नव्या माणसानं एकदाही मान वर केली नाही. माझं डोकं फिरलं. पण राजूला काय बोलणार? ती वाट मीच दाखवली होती. मी माझं बोट पुढं केलं.

काल नोटीस बोर्डावर कौतुकाचा कागद लागला. आमचं खातं कारखान्यात सगळ्यात निरोगी, साखर जास्त असलेला माणूस फक्त एक. त्या एकाला, म्हणजे मला, साहेबांनी सोमवारी बोलावलंय.

खर्च माणसं बरी करायला का काढायला, या सिस्टरच्या प्रश्नाचं उत्तर साहेबांनी अजून दिलेलं नाही. सोमवारी मी तेच विचारणार आहे.